न सुकणारे काजूगर आणि इशरतचा मीटर

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीला लागूनच युसुफ आणि इशरत या नवरा-बायकोचं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, इस्त्र्या, पाण्याच्या मोटारी, जे बिघडेल ते तिथं येतं. युसुफ बरीच वर्षं कुवेतला वायरमन होता. कमरेनं दगा दिला तेव्हा परत आला आणि हे दुकान टाकलं. इशरत आधी नुसती गिऱ्हाइकांशी बोलायला बसायची. बसून बसून कंटाळली, उघड्या पडलेल्या मिक्सरांत डोकावू लागली आणि कधी तिच्या हातात पक्कड आली ते तिलाही कळलं नाही.

युसुफचं काम अंदाजानं चालायचं. "टेस्टर पेटला ना? मग करंट आहे," तो म्हणायचा.

"आहे हो, पण किती आहे?" इशरत विचारायची.

या 'किती'पायीच तिनं आयटीआयमधला बायकांसाठीचा छोटा कोर्स केला. व्होल्टला अँपियरनं भागलं की रोध निघतो, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये. गुणलं की वॅट निघतात, म्हणजे ती वस्तू किती जोरानं काम करते ते. शाळेत असल्या गणितांनी तिच्या अंगावर काटा यायचा. आता मात्र इस्त्रीची कॉइल समोर असली की आकडे तिला आपले वाटायचे. तिनं कोर्स पुरा केला तेव्हा युसुफनं तिला तारेभोवती चिमट्यासारखा अडकवायचा मीटर आणून दिला.

दुकानाबाहेरचं पहिलं मोठं काम आलं लांज्याकडून. गंगाताई तिथं घराच्या मागच्या शेडमध्ये काजू फोडून गर काढायच्या. गर ड्रायरमध्ये नीट सुकले तरच त्यांची तांबूस साल हातानं सुटते. त्यांचे गर दिवसभर ठेवूनही ओलसर राहत होते. साल ओढली की गराचा तुकडाच हातात यायचा. सोबतच्या बायका हात चोळत बसून राहायच्या.

युसुफला एसटीचे धक्के सोसत नव्हते. इशरत एकटीच गेली.

तिनं शेडमध्ये प्लगला मीटर लावला. दोनशे तीस व्होल्ट. चोख. मग दोष ड्रायरच्या हीटरचाच, असं तिनं ठरवलं. नवीन हीटर बसवला, गंगाताईंनी केलेला चहा घेतला आणि खुशीत घरी आली.

दोन दिवसांनी फोन. "इशरत, होतं तसंच आहे गो. गर काही सुकत नाहीत."

तिचा चेहरा उतरला. संध्याकाळी वाटण करायला तिनं मिक्सर सुरू केला आणि ओट्यावरचा दिवा जरासा मंदावला. मिक्सर बंद केला, दिवा पुन्हा लख्ख. ती तशीच उभी राहिली. परत सुरू, परत बंद.

"काय खेळ चाललाय?" युसुफनं विचारलं.

"मी ड्रायर बंद असताना व्होल्ट बघितले हो! भार आला की व्होल्ट पडतात, चालू करून बघायलाच हवे होते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं लांजा गाठलं. या वेळी ड्रायर चालू ठेवूनच मोजलं. दोनशे सात व्होल्ट, नऊ अँपियर. तिनं भागाकार केला, रोध तेवीस ओहम. हीटर नवीन, त्याचा रोध बरोबर तेवढाच हवा होता. म्हणजे हीटर चांगला. मग गुणाकार केला, अठराशे त्रेसष्ट वॅट. हवे होते तेवीसशे.

"म्हणजे चुलीत लाकडं कमी पडतायत?" गंगाताईंनी विचारलं.

"लाकडं निघतायत पुरेशी, ताई. वाटेत कुठंतरी जळतायत."

ती घरातल्या विजेच्या मीटरपाशी गेली. तिथं ड्रायर चालू असतानाही दोनशे तीसच. तेवीस व्होल्ट घर आणि शेड यांच्या मधे हरवत होते. तिनं तेवीसला नवानं गुणलं. दोनशे वॅटच्या वर उष्णता नुसत्या तारेत! ती तारेच्या मागोमाग चालत गेली. घरापासून माडांच्या कडेनं आलेली बारीक वायर, उरलेली गुंडाळून शेडच्या दारामागे खुंटीला अडकवलेली. हात लावला तर गुंडाळी चांगलीच तापली होती, आणि वरती पेंढ्याचे भारे.

"आधी मेन बंद करा, ताई."

गंगाताईंनी धावत जाऊन बंद केलं. परत येऊन त्या पेंढ्याकडे बघत म्हणाल्या, "बाय माझे, हे पेटलं असतं गो."

"पहिल्या खेपेलाच मला दिसायला हवं होतं," इशरत म्हणाली. "चुकलंच माझं."

"तू परत आलीस ना? मग झालं."

जाड वायर लांज्याच्या बाजारातच मिळाली. पेंढा हलवला, वायर ओढली, जोड एकही ठेवला नाही. दुपार कलता कलता ड्रायर सुरू झाला. दोनशे तेवीस व्होल्ट, नऊ पूर्णांक सात अँपियर. गंगाताईंनी मोबाइलवर गुणाकार स्वतः केला, "एकवीसशेच्या वर गेलं!" म्हणून ओरडल्या आणि बायका हसायला लागल्या. पुढच्या घाण्याला गर खणखणीत सुकले. अंगठ्यानं जरा चोळलं की साल सुटायची आणि अख्खा पांढरा गर तळहातावर राहायचा.

हे गेल्या हंगामातलं. आता इशरत वायरमनच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. जेवण झालं की युसुफ तिला प्रश्न विचारतो, आणि उत्तर त्याला स्वतःला आलं नाही तर तिच्याकडून समजून घेतो. परवा गंगाताईंचा फोन आला होता. त्यांना दुसरा ड्रायर घ्यायचा आहे.

"घेतला नाही हं अजून," त्या म्हणाल्या. "आधी तू येऊन सांग, तार दोन्हींचा भार घेईल का."

"रविवारी येते," इशरत म्हणाली.

"मी पण चलतो," बाजूनं युसुफ म्हणाला. "कमरेला पट्टा बांधून बसेन गाडीत. बघू दे तरी, काम कसं केलंस ते."