रस्त्याकडची दोरी

आमच्या लातूरच्या गल्लीत गडी माणसानं बायकोचे कपडे धुतले तर चालतं, पण दार लावून. ते वाळू घालताना तो कुणाला दिसला, की त्याची इज्जत गेली.

बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा मुखेडहून आई आली. धुणं मीच करत होतो. पिळलेल्या साड्यांची बादली उचलून बाहेर निघालो, तशी आई आडवी आली. "धू की बाबा, न्हाई कोण म्हणतंय? पण वाळू मी घालते. समदी गल्ली बघायलीय."

माझ्या वेळी ती बाळंतीण असताना वडील पहाटेच विहिरीवर जाऊन तिची लुगडी धुवायचे. हे तिनंच मला कितीदा कौतुकानं सांगितलं होतं. कौतुक धुण्याचं नव्हतंच. कुणाला कळू दिलं नाही, याचं होतं.

माझं डोकंच फिरलं. बादली घेऊन मी थेट रस्त्याकडच्या दोरीपाशी गेलो. साड्या झटकून टाकल्या, चिमटे लावले. परकर मुद्दाम पुढं टांगला. समोरच्या ओट्यावरून शेजारी हसत म्हणाले, "काय सर, वहिनी गावाला गेल्या का?"

"न्हाई, घरातच हाय," मी गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडलो. "चहा पीत बसलीय. मीच केला."

आईनं आत जाऊन धाडकन दार लोटून घेतलं. दुसऱ्या सकाळी बादलीत तिचंही लुगडं पडलेलं होतं. मी ते पदर पुरता उलगडून रस्त्याकडच्या दोरीवर घातलं. आई दार सताड उघडं टाकून उंबऱ्यावर बसली होती.