विटांवरची करवत

स्वातंत्र्यानंतर साहेब लोक सामान विकून विलायतेला निघाले, तेव्हा एस्प्लनेडजवळच्या एका लिलावात मी विजेवर चालणारी गोल करवत उचलली. मोटर होती, पातं होतं, वरचं लोखंडी टेबल होतं. पाय मात्र नव्हते. पायांचं मी बघतो, असं मी ऐटीत म्हणालो. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत मी पुलांचे नकाशे तपासत असे. ज्याच्या सहीने पूल उभे राहतात त्याला टेबलाखालची चार पायांची लाकडी घोडी काय जड?

इथल्या, बंगालातल्या मराठी मंडळींच्या वाचनालयाला कपाटं करून देण्याचं वचनही मी भर सभेत देऊन बसलो होतो. सभेने टाळ्या वाजवल्या. टाळ्यांच्या बाबतीत आमच्या सभा कधी हात आखडता घेत नाहीत.

घोडी मी कागदावर तीन दिवस आणि प्रत्यक्षात एका दुपारी केली. खिळेच ठोकले, कारण बोल्ट आणायला बाजारात जावं लागलं असतं. मग ती चार विटांवर चढवली. तळमजल्यावर पाणी शिरतं म्हणून आमच्या गल्लीतल्या यच्चयावत खाटा विटांवर होत्या. करवतीलाही मी तोच न्याय लावला.

"अहो, ही खाट नाही. हिच्यावर कुणी झोपणार नाहीये," बायको म्हणाली.

"तुला यंत्रातलं काय कळतं?" असं नवऱ्यांचं ठरलेलं उत्तर मी दिलं.

फळ्या कापायला एक म्हातारा बंगाली सुतार बोलावला होता. फळी पुढे ढकलताना त्याची बोटं पात्याच्या अगदी जवळ जाणार होती. त्याने टेबल तळहाताने हलकेच ढकललं. ते डुललं. मी त्याच्यापुढे नकाशा धरला. खाली मी 'सुरक्षित' असं लिहून सहीसुद्धा ठोकली होती, घरात कुणी मागितली नसताना. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने कागद दोन्ही हातांनी आदराने घेतला, परत दिला आणि म्हणाला, "बाबू, आगे आपनि."

आधी तुम्ही! माझा पारा चढला. मी फळी उचलली आणि बटण दाबलं. घोडी थरथरत विटांवरून थेट माझ्याकडेच सरकू लागली. एक वीट फुटली. पातं माझ्या पोटाच्या उंचीवर फिरत होतं आणि मी फळी धरून नुसता उभा. बायकोने धावत जाऊन मेन स्विच बंद केला.

मग सुतार सांगेल तसं मी केलं. विटा काढल्या, पाय खाली फाकवले, तिरक्या पट्ट्या मारल्या, खिळ्यांच्या जागी बोल्ट आवळले आणि घोडी जमिनीला जखडली. आता करवत चालू असताना टेबलाला हात लावला तरी ते हलत नव्हतं. पहिली फळी मी घातली, नंतरच्या त्याने.

पुढे आठवडाभर मी भेटेल त्याला सुताराच्या बाणेदार नकाराची गोष्ट सांगत होतो. कपाटं झाली तेव्हा त्यालाच मोडक्या हिंदीत विचारलं, "मिस्त्री, त्या दिवशी मी म्हटलं असतं, ते काही नाही, तुम्हीच चालवा, तर?"

तो हत्यारं गुंडाळत होता. "तर मीच चालवली असती, बाबू," तो सहज म्हणाला. "मालकाला दुसऱ्यांदा कोण नाही म्हणणार?"

मला भयंकर लाज वाटली. तो दहाही बोटांनी फडक्याची गाठ मारत होता आणि मला तिकडे बघवत नव्हतं.