व्याह्यांचा बारोलो

सेल्वीनो मालावासी जन्मात कधी कुणाशी भांडला नाही. याचं श्रेय त्याच्या स्वभावाला द्यायचं की त्याच्या फेसाळत्या लांब्रुस्को वाईनला, यावर क्विस्तेल्लो गावच्या कॅफेत अजून एकमत झालेलं नाही. पो नदीकाठच्या सपाट मुलखात कालव्यांची दारं उघडायची आणि बंद करायची, यात त्याची हयात गेली. पाटकरीच म्हणा ना. उन्हाळ्यात पाणी सगळ्यांना एकदमच हवं असायचं. सेल्वीनो प्रत्येकाला "देतो की" म्हणायचा आणि खरोखर द्यायचा. तो निवृत्त झाला तेव्हा लोकांनी इतकी सालामी आणून दिली की माळ्यावर टांगायला दोऱ्या पुरेनात.

या भल्या माणसाला खोड म्हणाल तर एकच होती. त्याला सूप बसून खाता येत नसे. आन्योलीनी, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या मांस भरलेल्या करंज्या, कोंबडीच्या वाफाळत्या सूपमध्ये टेबलावर आल्या की सेल्वीनो आपला वाडगा घेऊन उठायचा, चुलीपाशी जायचा, त्यात लांब्रुस्को ओतायचा आणि सगळ्यांकडे पाठ करून वाडगा तोंडाला लावायचा. सूपमध्ये वाईन पडली की जांभळा फेस वर यायचा, आणि कोंबडीची चरबी जिभेवर बसायच्या आत धुवून निघायची. त्याचा बाप असाच प्यायचा, आजाही असाच. पाठ का करायची, हे मात्र कुणालाच सांगता येत नसे. जुनी माणसं म्हणत, चुलीची धग लागावी म्हणून. त्याची बायको इरिदे म्हणायची, किती ओतली ते दिसू नये म्हणून.

पुढे मुलगी मारिका नोकरीला तोरिनोला गेली, आणि तिकडे तिचं दाविदे ब्रिकारेल्लोशी जमलं. दाविदेचे आईवडील पहिल्यांदाच जेवायला यायचे होते. मारिका आदल्या दिवशीच घरी आली आणि बापाला एकटं गाठून म्हणाली, "पप्पा, एक मागू?"

"माग की."

"उद्या सूप बसून खा."

सेल्वीनोनं कान खाजवला. मग म्हणाला, "चमच्याने?"

"चमच्याने. आणि वाईन पेल्यातून. ती माणसं जिथे भारी बारोलो वाईन होते त्या डोंगरातली आहेत, पप्पा. वाईनचा पेला हातात घेऊन आधी पाच मिनिटं नुसते वास घेतात. मला त्यांच्या गावात राहायचंय."

"बरं," सेल्वीनो म्हणाला. आणि ते मनापासून म्हणाला. आपल्या एका वाडग्यापायी पोरीला सासरी खाली बघावं लागेल, या विचारानं त्याला त्या रात्री नीट झोप आली नाही.

रविवारी धुकं इतकं होतं की पाहुण्यांची गाडी दारात येऊन उभी राहिली तरी दिसली नाही, नुसती ऐकू आली. दाविदे आणि त्याची आई लुइजीना उतरले, मग टाय लावलेले वडील, ओरेस्ते ब्रिकारेल्लो. हातातली बाटली त्यांनी बारशाला आणलेल्या बाळासारखी धरली होती.

"सिन्योर मालावासी, हा आमच्या भावाच्या मळ्यातला बारोलो. दाविदे जन्मला त्या सालचा. सून ठरेल तेव्हा उघडायची असं तेव्हाच ठरवलं होतं."

सेल्वीनोनं टोपी काढली, बाटलीसाठी की व्याह्यांसाठी ते कळलं नाही.

सालामी खाताना ओरेस्तेंनी चौकशी केली, "तुमच्याकडे ते फेसाचं असतं ना?"

"असतं."

"पोटाला हलकं असेल."

"सालामीला बरं पडतं," सेल्वीनो नम्रपणे म्हणाला. इरिदेनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

मग सूप आलं. ओरेस्तेंनी स्वतः उठून प्रत्येकाचा पेला बारोलोनं भरला, सेल्वीनोचा जरा जास्तच. सेल्वीनोनं चमचा उचलला. मारिकाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ओरेस्तेंनी विचारलं, "मग लग्न इथे करायचं की आमच्याकडे?"

प्रश्न अवघड होता. सेल्वीनो विचारात पडला, आणि तो विचारात पडला की त्याचे हात आपापलं काम करू लागत. कालव्यावरही तसंच व्हायचं. त्यानं चमचा खाली ठेवला, डाव्या हातात वाडगा घेतला, उजव्या हातात पेला घेतला, चुलीपाशी गेला, पाठ केली आणि पेला वाडग्यात रिकामा केला.

फेस आला नाही.

सेल्वीनो वाडग्याकडे बघत राहिला. मारिकाचा चेहरा कसा झाला असेल ते बघायला वळावं लागलं असतं, आणि तेवढं धैर्य त्याच्यात नव्हतं. मग एक खुर्ची सरकली. ओरेस्ते शेजारी येऊन उभे राहिले आणि वाडग्यात डोकावले.

"ओतलात?"

"ओतला."

"सगळा?"

"सगळा."

ओरेस्ते बराच वेळ बघत होते. "कसा लागतो?"

पोरीसाठी खोटं बोलावं असं सेल्वीनोच्या मनात आलं. पण सूपबद्दल खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. त्यानं एक घोट घेतला.

"खरं सांगू?"

"सांगा."

"कालव्याचं गंजलेलं दार चाटल्यासारखा."

ओरेस्तेंनी हात पुढे करून वाडगा घेतला, मोठा घोट घेतला आणि डोळे मिटले. "अगदी," ते म्हणाले. "आमचे वडील आमच्याकडची साधी वाईन, दोल्चेत्तो, ओतायचे. कोवळा, त्याच वर्षीचा. करंज्यांवर. हा बारोलो ओतलेला बघितला असता तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं."

"आणि तू आपल्या लग्नात त्यांना ओतू दिला नाहीस," टेबलावरून विहीणबाई लुइजीना म्हणाल्या. सकाळपासून त्या पहिल्यांदाच एवढं बोलत होत्या. "माझ्या माहेरचे हसतील म्हणून हातात चमचा दिलास. म्हाताऱ्यानं सूपला हात लावला नाही."

ओरेस्तेंनी वाडगा हातात फिरवला. मग म्हणाले, "नाही लावला."

मारिका खुर्चीवरून उठली. गॅलरीचं दार उघडलं तसं धुकं आत आलं. ती परतली तेव्हा तिच्या हातात लांब्रुस्कोची गारढोण बाटली होती.

"तो वाडगा मोरीत ओत, दुसरं सूप देते," इरिदे म्हणाली.

"मोरीत?" ओरेस्ते दचकले. "बाई, माझ्या मुलाच्या वयाची वाईन आहे ती." आणि दोघा व्याह्यांनी आळीपाळीनं, औषध घ्यावं तशी तोंडं करत, वाडगा संपवला. मग इरिदेनं नवं सूप वाढलं, मारिकानं बाटली उघडली आणि फेस वाडग्याच्या काठावरून उतू गेला. ओरेस्तेंनी टाय खांद्यावर टाकला.

"सेल्वीनो, तू हे रोज पितोस?" अहो-जाहो कधी सुटलं ते त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

"उन्हाळा सोडून."

उरलेला बारोलो मागाहून आलेल्या गाढवाच्या मांसाबरोबर संपला. ते रात्रभर मंद आचेवर रटरटलेलं असतं. तिथे बारोलो असा शोभला की सेल्वीनोनं दोनदा मागून घेतला आणि दोन्ही वेळा पेल्यातून प्यायला. लग्न कुठे, ते त्या दिवशी ठरलंच नाही.

पण ते सगळं नंतर. त्याआधी चुलीपाशी दोन बाप टेबलाकडे पाठ करून उभे होते, आणि मारिका आपला वाडगा घेऊन त्यांच्या मधोमध घुसली.

"सरक, पप्पा. जरा जास्त ओत."

पहिल्याच घोटाला फेस तिच्या नाकात गेला. ती खोकत राहिली, आणि सेल्वीनो एका हातानं तिची पाठ थोपटत, दुसऱ्या हातातला वाडगा न सांडता, आपलं सूप पीत राहिला.