मंडळींतलं एक कमी

ऊर्जा संशोधन केंद्राची फेरी छपरावरच्या सौरपट्ट्यांपासून सुरू होते आणि चाचणीसाठी बांधलेल्या घरापाशी संपते. पाहुण्यांना फिरवणाऱ्या बाईचा नवरा इथे वायरमन होता, म्हणून शिपायापासून संचालकापर्यंत सगळे तिला वहिनी म्हणतात. तो गेल्यावर तिला हे काम मिळालं. पवनचक्कीचं पातं मोडेस्तोवर वाकवतात तिथे ती भराभर बोलते, बॅटऱ्यांच्या खोलीत थट्टाही करते. घराशी आली की आवाज उतरतो, आत कोणी झोपलेलं असावं तसा.

घर एका प्रचंड शेडच्या पोटात आहे. शेडमध्ये हवा तेव्हा हिवाळा करता येतो, हवा तेव्हा उन्हाळा. घरात कोणी राहत नाही. पत्र्याची चार पिंपं तेवढी आहेत. माणसाच्या अंगातून निघते तेवढी ऊब प्रत्येकातून निघते. माणूस उठून गेला असं धरायचं, की पिंप निवतं. मग त्या माणसाच्या वाटची कामं आपोआप होतात: नळ सुटतो, दिवे लागतात, मालवतात, किटली उकळते. भिंतींतून किती ऊब निसटते आणि किती वीज वाचवता येईल, ते यावरून मोजायचं.

घर उभारताना इंजिनिअरांना एखाद्या खऱ्या कुटुंबाचा दिनक्रम हवा होता. वायरमननं आपल्याच घरचा सांगून टाकला. त्याची लांबलचक आंघोळ, आईचं उजाडायच्या आत उठून खिडकीशी बसणं, पोराच्या खोलीत जळत राहणारा दिवा. चौथं पिंप कुठे ठेवू म्हटल्यावर तो म्हणाला होता, “आमची मंडळी ओट्यापाशी ठेवा. तिथून हलायची नाही.” सगळे हसले. तेव्हापासून चारही पिंपांना मंडळी हे नाव चिकटलं.

पुढे सासू गेली, मग तो. मुलगा लांबच्या शहरात स्थिरावला. फोनवर मायेनं बोलतो, पण लवकर ठेवतो. या घरात मात्र न्हाणीचा नळ अजून पूर्वीइतकाच वाहतो. एवढं पाणी कशाला, असं पाहुण्यांतलं कोणीतरी विचारतंच. काहींना लागतं, असं वहिनी सांगते.

नवे साहेब तरुण, मनानं चांगले. हल्ली कुटुंबं लहान झाली, तेव्हा घरात तीनच माणसं धरायची, असं त्यांनी एकदा जाता जाता सांगितलं. वहिनीनं आधी मान डोलावली. मग त्यांच्या टेबलापाशी जाऊन म्हणाली, एवढा हिवाळा जाऊ द्या. साहेबांनी समजुतीनं ऐकून घेतलं आणि तिला सोबत घेऊनच घरात शिरले.

“पिंपं काय, सगळी सारखीच. तुम्हीच सांगा वहिनी, मंडळींतलं कोणतं काढू?”

ती खोल्याखोल्यांतून फिरली. ताप बघावा तसा एकेका पत्र्यावर हात ठेवत गेली. खिडकीशी थोडी जास्त थांबली. झोपायच्या खोलीतल्या, नवऱ्याच्या पिंपावरचा हात तिला लवकर काढता आला नाही.

“ओट्यापाशी आहे ते काढा,” ती म्हणाली. “ती मी.”

साहेबांना ती थट्टा वाटली. दोघा शिपायांनी पिंप उचलून नेलं. त्याची वायर फरशीवरून घासत मागोमाग गेली.

तिच्या स्वतःच्या घरात ती एकटी असते. या घरात आता ती सोडून सगळे होते.

पुढच्या फेरीला शिक्षिका आल्या होत्या. स्वयंपाकघर थंडगार पडलं होतं. वहिनी ओट्याला टेकून भिंतींबद्दल सांगत होती, तेवढ्यात खटका पडला आणि किटली गुणगुणू लागली. काढलेल्या पिंपाची कामं उरलेल्यांत वाटली गेलीत, असं साहेबांनी दारातूनच समजावलं. वहिनीनं झोपायच्या खोलीत डोकावून पत्र्यावर बोट टेकवलं. पत्रा निवत चालला होता. ज्या माणसानं जन्मात कधी पाण्याचं आधण ठेवलं नाही, तो उठला होता.

ती परत ओट्यापाशी आली. एका शिक्षिकेनं हसत विचारलं, “म्हणजे ही किटली लावली कोणी?”

“ह्यांनी,” वहिनी म्हणाली.

शिक्षिकेचं हसू तसंच राहिलं आणि तिनं मागे वळून पाहिलं. वहिनीनं पाहिलं नाही. ती ओट्यापासून जरा बाजूला सरकली, कोणाला जागा करून द्यावी तशी.