कागदी पानांचा आठवडा

अमिरातीतल्या अल ऐनमध्ये आमची मुलगी ज्या नर्सरीत जायची, तिथे ऑक्टोबरात ऑटम वीक साजरा होई. बाहेर ऊन चाळिशीला टेकलेलं, आणि आत एसी इतका वाढवलेला की मुलांना स्वेटर घालून पाठवा, अशी सूचना आली होती. भिंतीवर पुठ्ठ्याचं झाड, त्याला चिकटपट्टीने लावलेली लाल, पिवळी, तपकिरी कागदी पानं, आणि बुंध्याशी लोकरीची टोपी घातलेली खार. अशी खार बहुधा इंग्लंडातही कुणी पाहिली नसावी.

एरवी मी मनसोक्त हसले असते. त्या वर्षी हसायची सोय नव्हती. मुलगी साडेतीन वर्षांची. घरी दिवसभर टकळी चालू, आणि नर्सरीत जायला लागल्यापासून तिथे एक शब्द बोलली नव्हती. शू लागली तरी नाही. हेडमिस्ट्रेस इंग्लंडच्या, बोलायला अतिशय गोड. त्यांनी गोडच आवाजात सांगितलं होतं की ऑटम वीकपर्यंत वाट बघू; तोवर बोलली नाही तर तिची जागा दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल, आणि तुम्ही तिला एखाद्या स्पेशालिस्टला दाखवून घ्या. ते ऐकल्यापासून मला धड जेवण जात नव्हतं.

बुधवारी पालकांसमोर कार्यक्रम होता. प्रत्येक मुलाने झाडाचं एक पान काढायचं आणि त्याचा रंग सांगायचा, एवढंच. आमच्या वाट्याला 'ब्राउन' आला. मग घरात जे जे तपकिरी ते सगळं कामाला लागलं: चहा, सोफा, बाबांचे बूट. दरवेळी ती खणखणीत आवाजात "ब्राउन" म्हणायची.

आदल्या संध्याकाळी दसरा होता. गावातल्या एका मराठी कुटुंबाकडे आम्ही सगळे जमलो. मुंबईहून येताना कुणीतरी पिशवीभर आपट्याची पानं आणली होती. पोहोचेपर्यंत ती वाळून गेली होती. मुलं मोठ्यांना सोनं देऊन पाया पडत होती आणि चॉकलेटं वसूल करत होती. आमच्या मुलीने दोन फेऱ्या मारल्या.

परतताना गाडीत मी विचारलं, "उद्या म्हणशील ना, राणी?"

"बघू," ती म्हणाली. अगदी हेडमिस्ट्रेसबाईंच्या सुरात.

"अगं, किती मागे लागशील? तिला रंग येतो. तुलाच ताप येईल," नवरा म्हणाला. घरी आल्यावर तोच बराच वेळ विनाकारण फ्रीज उघडत-लावत बसला.

बुधवारी प्रमुख पाहुणे म्हणून नर्सरीचे स्थानिक स्पॉन्सर आले होते, कंदुरा म्हणजे अरबी पद्धतीचा पांढराशुभ्र पायघोळ झगा घातलेले वयस्कर गृहस्थ. हॉलच्या मधोमध कागदी पानांचा ढीग रचला होता, आणि त्याभोवती रिबीन. त्यांनी ती कापली. पानांच्या ढिगाचं उद्घाटन मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मग मुलं. "रेड." टाळ्या. "येलो." टाळ्या. आमची पुढे आली, पान काढलं आणि ते धरून उभी राहिली.

"व्हॉट कलर, डार्लिंग?" हेडमिस्ट्रेसबाईंनी विचारलं.

काही नाही. नवऱ्याने माझा हात घट्ट धरला होता. माझे ओठ आपोआप 'ब्राउन' म्हणत होते. बाईंनी मान कलती केली, सहानुभूतीने हसल्या, आणि पुढच्या मुलाला बोलावणार तोच मुलीने पान त्यांच्यापुढे धरलं.

"सोनं घ्या," ती म्हणाली, आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

बाई दचकून मागे सरकल्या आणि बुटाची नाडी सुटली की काय ते बघू लागल्या. तोवर मुलीने झाडाची मूठभर पानं ओरबाडली होती. "सोनं घ्या," तिने पाहुण्यांना सांगितलं. त्यांनी ते पान दोन्ही हातांनी घेतलं आणि अरबीत लाडाने आभार मानले, "शुक्रन, हबीबती." ती हात पसरून चॉकलेटची वाट बघत राहिली.

नंतर बाईंनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. "काय म्हणाली ती?"

"गोल्ड," मी म्हणाले. "आमच्या सणाला पानं सोनं म्हणून देतात. मोठ्यांना, मान म्हणून."

"पण ते पान तर ब्राउन होतं."

"हो मॅडम," नवरा घाईने म्हणाला, "ब्राउनच होतं."

बाई विचारात पडल्या. मुलगी बोलली हे हॉलभर पालकांनी ऐकलं होतं; ते बोलणं धरायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. शेवटी त्या म्हणाल्या की तिची जागा राहील. "फक्त एक करा. घरी तिच्याशी इंग्लिशमध्येच बोला. नाहीतर ती गोंधळते."

"येस मॅडम, ऑफ कोर्स," आम्ही दोघं एकदम म्हणालो. त्या क्षणी त्यांनी लॅटिन सांगितलं असतं तरी आम्ही मान डोलावली असती.

गाडी उन्हात भट्टीसारखी तापली होती. मागच्या सीटवरून मुलीने विचारलं, "आता आपण कुठे चाललोय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नवऱ्याने राउंडअबाउटला एक चक्कर उगाचच जास्त मारली.

"आई, सांग ना, कुठे?"

"होम," मी म्हणाले. "वी आर गोइंग होम."

त्यावर ती घर येईपर्यंत काही बोलली नाही.