हिरव्या बांगडीतली पिन

भर पाण्यात, नावेत सात बाया बसलेल्या असताना माझी मोटर कोकलायला लागली, तेव्हा मी आधी देवीवर चिडले. खोटं कशाला लिहू? मनात म्हटलं, आई, आजच का गं? तुलाबी त्यांचंच खरं करायचंय का?

त्यांचं म्हणजे देवस्थानच्या अध्यक्षांचं. आमचं जुनं गाव धरणात गेलं, देवीची टेकडी तेवढी पाण्याच्या वर राहिली. नवरात्रात बायांना ओटी भरायला तिकडं नेणारी नाव आमच्या मालकांची. ते वारले तेव्हा बाया माझ्या बांगड्या उतरवायला आल्या. मी हात पदराखाली घेतले अन् सांगितलं, ह्या हातांनी आता नाव चालवायची हाय, बांगड्या राहतील. मोटर कुणी शिकवली न्हाय. मालकांच्या शेजारी बसून जे बघितलं ते डोक्यात होतं, बाकी हात भाजून शिकले. अध्यक्षांना हे लई झोंबलं. "असल्या बाईच्या नावेतनं ओट्या न्यायच्या?" म्हणाले. मग चारचौघांत ठरलं, की ह्या नवरात्रात माझी नाव एकदा जरी बंद पडली, तर देवीची खेप दुसऱ्याकडं जाईल. मी म्हटलं, "मंजूर."

सातव्या माळेला अध्यक्षांच्या मालकीणबाई, त्यांना सगळे वैनी म्हणतात, मुद्दाम माझ्या नावेत आल्या अन् मोटरीजवळच बसल्या. नाव जुन्या गावावरनं जाते तिथं बाया हात जोडतात अन् एक ओटी पाण्यात सोडतात. हल्ली दुकानात ओटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनच मिळते, तशीच सोडतात. ते ठिकाण मागं टाकून जरा पुढं गेलो अन् मोटरीचा अलारम सुरू झाला. टीं करून एकसारखा, कान किटवणारा.

"बघा," वैनी म्हणाल्या, "देवीला खपंना झालंय."

मेकॅनिकनं मागं एकदा मला सांगितलं होतं, "लई किरकिर केली तर ही वायर उपसून टाका मावशी, गप बसंल." माझी बोटं त्या वायरीवर गेलीसुद्धा. टेकडी समोर दिसत होती. एवढी खेप पार पडली की झालं, मग मोटर जळू दे.

तेवढ्यात पुढं बसलेली एक म्हातारी बोलली. लोहाऱ्याकडनं आली होती, आमच्यातली कुणी तिला ओळखत नव्हती. बोलणं अर्धं कानडी वळणाचं. "अव्वा, लेकरू रडलं म्हणून त्याचं तोंड दाबतीस व्हय? मघाशी मागनं धार सोडत होती. आता मुतंना झालीया, ते बघ की!"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी मागं वळून बघितलं. ही मोटर धरणाचंच पाणी खालनं ओढते, स्वतःला थंड करते अन् मागनं बारीक धारेनं टाकून देते. ती धारच नव्हती. मी वायर सोडली अन् मोटर बंद केली.

"पडली बंद!" वैनी म्हणाल्या.

"पडली न्हाय, म्या केली. अन् वैनी, तोंड चालवायपरीस ते वल्हं धरा. वाऱ्यानं नाव खडकावर जायची."

का कोण जाणे, वैनींनी वल्हं धरलं. मी मोटर वर उचलून बघितली. पाणी ओढायच्या जाळीला ओटीची पिशवी चिकटून बसली होती, आत हिरवं खणाचं कापड, भिजलेलं कुंकू. देवीनंच परत केल्यासारखी. पिशवी काढली, मोटर निवू दिली, दोरी ओढली. तरी धार येईना. लगेच बंद केली. धारेच्या भोकात गाळ बसला होता अन् जवळ साधी तारसुद्धा नव्हती.

म्हातारी म्हणाली, "हातात काय हाय तुझ्या?"

हातात काय असणार? बांगड्या. अन् बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन, सगळ्या बायांची असते तशी. ज्या बांगडीवरनं एवढं रामायण झालं, तिचीच पिन सरळ करून मी भोकात घातली. पुन्हा दोरी ओढली. आधी गाळाची काळी गुळणी आली, मग धार लागली, पांढरी, नितळ. अलारम पुन्हा वाजला न्हाय. मी तिथंच रडले.

ओट्या भरून संध्याकाळी काठाला लागलो तर अध्यक्ष उभेच. "बंद पडली म्हणं?"

मी तोंड उघडायच्या आत वैनी नावेतनं उतरल्या. त्यांच्या तळहातांना वल्ह्याचे फोड आले होते. "पडली न्हाय. तिनं बंद केली, म्हणून आम्ही माघारी आलो. मी वल्हं धरून बसले होते, मला विचारा. अन् उद्यापासनं पाण्यात प्लास्टिक सोडायचं न्हाय, तेवढं देवस्थानच्या फळ्यावर लिहा."

नाव माझ्याकडंच राहिली. ती म्हातारी देवी होती, असं मी म्हणणार न्हाय. तिनं आमच्यासोबत भाकरी खाल्ली, गुडघ्यांना शिव्या दिल्या अन् लोहाऱ्याच्या जीपमध्ये चढून गेली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण तिला कुणी धाडलं, हे मला ठाऊक हाय.

मी आजपर्यंत माणसांपुढं मान तुकवली न्हाय, पुढंबी तुकवायची न्हाय. आईपुढं मात्र रोज तुकवते. ती हाक मारते तेव्हा कधी कधी कान किटतात, अन् मी तर वायरच उपसायला निघाले होते. आता अलारम वाजला की आधी हात जोडते, मग मोटर बंद करते अन् धार बघते. ती पिन वाकडी झालीय. तिची जागा बांगडीतच हाय.