आधी आपल्या भिंतीवर

अठ्ठावीस वर्षं रंगाच्या दुकानात शेड बनवणाऱ्या मामाला भाचीनं लहानपणी रंगमामा म्हटलं आणि तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. गिऱ्हाइकानं भिंतीचा नखाएवढा पोपडा आणला तरी हा पठ्ठ्या तो दारातल्या उजेडात धरायचा, अंगठ्यानं चोळायचा आणि पांढऱ्या बेसमध्ये कुठल्या रंगाचे किती थेंब पडायला हवेत ते सांगून मोकळा व्हायचा. डबा हातात देताना उपदेश ठरलेला. दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवू नका, आधी आपल्या भिंतीवर हातभर पट्टा मारा, वाळू द्या, मग मला शिव्या द्यायला या.

त्याच्या पुढ्यात लॅपटॉप आला तो ताईपायी. ही त्याची थोरली बहीण मुलांना नाच शिकवायची आणि भावोजी कोपऱ्यात बसून अकॉर्डियन वाजवायचे. बावीस वर्षं हा संसार असाच तालात चाललेला. मग भावोजींच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि भाता ओढणं डॉक्टरांनी कायमचं बंद केलं. ताईनं मोबाइलवर गाणी लावून पाहिली, पण पोरगं अडखळलं तर भावोजी थांबायचे, मोबाइल कुठला थांबायला. दोन आठवड्यांत ती कंटाळली. शनिवारपर्यंत काही जमलं तर ठीक, नाहीतर वर्गाला कुलूप, असं तिनं जाहीर केलं आणि फळ्यावरची सोमवारची वेळही पुसून टाकली.

रंगमामानं तरुणपणी भावोजींकडूनच अकॉर्डियनच्या पट्ट्यांवर बोटं फिरवायला शिकून घेतलं होतं. मी बघतो, असं तो बोलून बसला.

भाचीनं लॅपटॉपला छोटा कीबोर्ड जोडून दिला आणि वाद्यांची लांबलचक यादी उघडली. हे प्रीसेट, ती म्हणाली. कुणीतरी सगळी बटणं आधीच जुळवून, नाव देऊन ठेवलेली.

"म्हणजे शेड कार्ड," रंगमामा म्हणाला.

"तुझं सगळं जग डब्यातच का रे मामा?"

पण त्याला वाट सापडली होती. नावंसुद्धा शेड कार्डासारखीच. एका आवाजाचं नाव होतं 'धुक्यातला पूल'. त्यानं तो चारदा ऐकला. धुकं सापडलं, पूल काही सापडला नाही. एकट्या अकॉर्डियनचे नऊ प्रकार होते. ते नऊ एकमेकांपासून वेगळे कशानं, या प्रश्नानं त्याला पछाडलं. दुकानातून आला की चहाचा कप घेऊन तो एकच बटण फिरवायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. एकानं आवाज दबक्या पावलांनी आत यायचा, नाहीतर दार ढकलून. दुसऱ्यानं बोट उचलल्यावरही रेंगाळायचा. तिसऱ्यानं धारदार व्हायचा. बस, एवढ्याच थेंबांची कमी-जास्त, आणि नावं नऊ.

मग इफेक्टचे, म्हणजे आवाज घुमवायचे-फिरवायचे, प्रीसेट निघाले. वाद्य म्हणजे डब्यातला रंग आणि इफेक्ट म्हणजे वरून मारायचं पॉलिश, असा त्यानं हिशेब बांधला. 'मोठा हॉल' नावाचं पॉलिश चढवलं आणि हेडफोनमध्ये असा काही आवाज भरला, की पाचशे माणसं श्वास रोखून बसल्यासारखी वाटली. रंगमामा हरखून गेला.

शनिवारी दुपारी ताईच्या वर्गात त्यानं सगळं मांडलं. लाकडी जमीन, उघड्या भिंती, खिडक्या सताड उघड्या, पडद्याचं नाव नाही. त्यानं पहिली धून वाजवली आणि चार मोजायच्या आत बारा पोरं एकमेकांवर आदळली. एक सूर विरायच्या आत दुसरा त्यात मिसळून सगळ्याचा चिखल झालेला.

"यात पाय कुठं टाकायचा?" ताईनं विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. कुलूप तिनं पिशवीतून काढून खिडकीत ठेवलेलं होतं.

खांद्याला पट्टा बांधून खुर्चीत बसलेले भावोजी म्हणाले, "अरे, ही खोली स्वतःच घुमते. मी बावीस वर्षं भाता आखडून वाजवलाय इथं."

रंगमामा भिंतीकडे बघत राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली शेड पसंत करून आख्खं घर रंगवणाऱ्या गिऱ्हाइकांना त्यानं जन्मभर झापलं होतं, आणि स्वतः हेडफोनमध्ये ऐकून थेट इथं आला होता. भिंतीला तिचा रंग आधीच होता.

त्यानं 'मोठा हॉल' पार काढून टाकला. हेडफोन लावून ऐकलं तर आवाज कोरडा, पापुद्रे निघाल्यासारखा. तरी ते उतरवून त्यानं स्पीकरवर वाजवलं, आणि उरलेलं काम खोलीनं केलं. आता फक्त सूर उशिरा उठत होता. पहिलं बटण त्यानं थोडं मागं घेतलं, आवाज दार ढकलून आत आला. भावोजींची टाच जमिनीवर पडायला लागली. पुढच्या रांगेतली एक मुलगी अडखळली; रंगमामा तिथंच थांबला, तिचा पाय सावरला तसा पुढं निघाला.

धून संपली. ताईनं खडू उचलला आणि फळ्यावर सोमवारची वेळ लिहिली. कुलूप पिशवीत गेलं.

मूळ प्रीसेटला धक्का न लावता हे वेगळ्या नावानं ठेवूया, लॅपटॉपपाशी बसलेली भाची म्हणाली. नाव काय देऊ?

"'ताईचा वर्ग, खिडक्या उघड्या.' बंद केल्या की पुन्हा पट्टा मारायला लागेल." तो खाली वाकून लॅपटॉपच्या पडद्याकडे बघायला लागला. "आणि हे कोपऱ्यातलं बटण कशाचं गं? याला अजून हात नाही लावलेला."